पाटी नसलेला डॉक्टर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात, आपल्याच एका सभासद कुटुंबातील भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेले हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



सर्वप्रथम ज्यांना बक्षीस मिळालं त्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांना मिळालं नाही त्यांनी खुर्च्या लावायला मदत केली, ते मी खाली येताना बघितलं, त्यांचंही अभिनंदन.

सेक्रेटरीकाकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "विषय सोपा आहे. डॉक्टर कसं व्हायचं ते मुलांना सांग. वीस मिनिटं बोल, जास्त नको, नंतर जेवण आहे." मी म्हटलं, काका, मला डॉक्टर व्हायला बारा वर्षं लागली, ते वीस मिनिटांत कसं बसवू? पण प्रयत्न करते.

विषयात मी थोडासा बदल केला आहे. डॉक्टर कसं व्हायचं यापेक्षा कोणता डॉक्टर व्हायचं, याबद्दल मला बोलायचं आहे. कारण आपल्याकडे डॉक्टर म्हटलं की डोळ्यासमोर एकच चित्र येतं. रस्त्यावर गाळा, बाहेर पाटी, पाटीवर नाव आणि नावाखाली डिग्र्या, आत बाकावर बसलेले पेशंट. मी एमडी झाले तेव्हा या बिल्डिंगमधल्या निदान दहा जणांनी मला विचारलं, "मग आता दवाखाना कुठे टाकणार?" प्रश्न प्रेमाचाच होता. माझ्या आईलाही तोच प्रश्न पडला होता.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला भूल देते, ऑपरेशन चालू असेपर्यंत त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळते आणि संपलं की त्याला परत जागं करते. मला दवाखाना टाकताच येत नाही. भूल द्यायला ऑपरेशन थिएटर लागतं, सर्जन लागतो, सिस्टर लागतात, ऑक्सिजन लागतो, रक्त लागतं. म्हणजे हॉस्पिटल लागतं. त्यामुळे माझ्या नावाची पाटी कुठेच नाही. पेशंट शुद्धीवर येतो तेव्हा सर्जनचे पाय धरतो. मी तेव्हा पुढच्या टेबलावर असते. यात मला वाईट वाटत नाही, पण हे काम असतं आणि ते आयुष्यभर करता येतं, हे कुणीतरी मुलांना सांगायला हवं. म्हणून मी उभी आहे.

फक्त भूलतज्ज्ञच नाही. अतिदक्षता विभागाचे डॉक्टर, अपघात विभागाचे डॉक्टर, नवजात बाळांचे डॉक्टर, रक्तपेढीचे डॉक्टर, एक्स-रे आणि सोनोग्राफी बघणारे रेडिओलॉजिस्ट, गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून कॅन्सर आहे की नाही सांगणारे पॅथॉलॉजिस्ट. यातले बहुतेक जण हॉस्पिटलच्या भिंतींच्या आतच काम करतात. तुम्ही त्यांना ओळखत नाही. पण तुमच्या घरातलं कुणी ना कुणी त्यांच्या हातून गेलेलं असतं.

आता हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगते.

आपल्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. अध्यक्ष आहेत, सेक्रेटरी आहेत, खजिनदार आहेत, मीटिंग वेळेवर होते. पण पंप चालवणारा माणूस दोन दिवस आला नाही तर? टाकीत पाणी असूनही चौथ्या मजल्यावर नळाला थेंब येत नाही. हॉस्पिटलचं अगदी तसंच आहे. बिल्डिंग चांगली असते, मशिनरी असते, स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असतात, आणि रात्री दोन वाजता भूल देणारं कुणी नसतं. मग सिझेरियन होत नाही. मग केसपेपरवर एकच शब्द लिहिला जातो, तुम्हाला तो पाठ आहे. रेफर.

सरकारी भाषेत एफआरयू म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे पहिल्या संदर्भसेवेचं रुग्णालय. तिथे चोवीस तास सिझेरियन व्हायला हवं, नवजात बाळाची काळजी घेता यायला हवी आणि रक्त साठवण्याची सोय हवी, अशी अपेक्षा असते. या तीनपैकी पहिली गोष्ट भूलतज्ज्ञाशिवाय होत नाही. भूलतज्ज्ञ इतके कमी पडतात, की एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं खास प्रशिक्षण देऊन अडचणीच्या वेळी प्रसूतीसाठी भूल देण्याइतपत तयार करण्याची योजना सरकारला काढावी लागली. त्या प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरांबरोबर मी काम केलं आहे. मेहनती लोक असतात. पण योजना का काढावी लागली, याचा विचार करा.

एक रात्र सांगते. जागा सांगत नाही, नाव तर नाहीच. पावसाळ्याचे दिवस. १०८ च्या अॅम्ब्युलन्समधून एक बाई आली, पहिलंच बाळंतपण. बाळाचे ठोके पडत होते. जिथून ती आली तिथे ऑपरेशन थिएटर होतं, डॉक्टर होते, पण त्या रात्री भूल देणारं कुणी नव्हतं. घाटरस्ता, पाऊस, फाटक, सगळं पार करून पोचायला दीड तास गेला. आमच्याकडे आल्यानंतर पाठीत भूल देऊन बाळ बाहेर काढेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. बाळ रडलं नाही. बालरोगतज्ज्ञांनी त्याला श्वास दिला, मग ते बारीक रडलं. अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं. आई आणि बाळ दोघं घरी गेले. पण तो जो दीड तास रस्त्यावर गेला, तो वाचवायला पाटीवाला डॉक्टर उपयोगाचा नव्हता. तिथे, त्या इमारतीत, त्या रात्री ड्युटीवर असलेला डॉक्टर हवा होता.

(जाता जाता काकूंसाठी एक. पाठीत इंजेक्शन घेतलं म्हणून जन्मभर कंबर दुखते, हे खरं नाही. इंजेक्शनच्या जागी काही दिवस दुखू शकतं. वर्षानुवर्षं दुखणारी कंबर ही बाळंतपण, बाळाला घेऊन वाकणं आणि व्यायाम न करणं, यांची देणगी असते. बिचाऱ्या भूलतज्ज्ञाला दोष देऊ नका.)

आता थोडा इतिहास. फार लांब जायचं नाही, आपल्यापासून तिसरं स्टेशन. कल्याण.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. अमेरिकेत जाऊन १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, हे तर शाळेच्या पुस्तकातलं आहे. पण पुढचा भाग आपण विसरतो. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, हे त्यांच्या मनात राहिलं. आणि डॉक्टर झाल्यावर त्यांना काम कुठे मिळालं? कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, स्त्रियांच्या वॉर्डच्या प्रमुख म्हणून. म्हणजे पाटी लावून बसायचं ठरलं नव्हतं, वॉर्ड सांभाळायचा ठरला होता. त्या परत आल्या त्याच क्षयाने खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. वयाची २२ वर्षंही पूर्ण नव्हती. ती नेमणूक कागदावरच राहिली.

त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या बाई म्हणजे डॉ. रखमाबाई. जन्म १८६४, मुंबई. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं म्हणून कोर्टात खेचल्या गेल्या, तुरुंगात जायची तयारी दाखवली, तो खटला देशभर गाजला. नंतर १८८९ साली इंग्लंडला जाऊन लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलात रुजू झाल्या, नंतर राजकोटला. सुमारे ३५ वर्षं त्यांनी हॉस्पिटलातच काढली. खटल्यामुळे त्या इतिहासात गेल्या, पण त्यांचं खरं आयुष्य रोज सकाळी राउंड घेण्यात गेलं. माझ्या मते हॉस्पिटलच्या डॉक्टरचं पूर्ण करिअर कसं असतं, त्याचं आपल्याकडचं पहिलं मोठं उदाहरण त्याच आहेत.

आणि एक. परळचं केईएम हॉस्पिटल आणि त्याचं जी. एस. मेडिकल कॉलेज १९२५-२६ साली सुरू झालं. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीच्या पैशाबरोबर अट होती, की तिथे शिकवणारे डॉक्टर भारतीय असावेत. कारण त्या काळी मोठ्या सरकारी हॉस्पिटलांतल्या वरच्या जागा बहुतेक गोऱ्या लष्करी डॉक्टरांकडे असत. हॉस्पिटलमधली डॉक्टरची खुर्ची मिळवायला आपल्या माणसांना भांडावं लागलं. आज तीच खुर्ची रिकामी असते आणि जाहिरात देऊन माणूस येत नाही.

आता मुलांनो, तुमच्या कामाचं. वही असेल तर काढा.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. मग नीट, ७२० मार्कांची. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून. एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. झाली साडेपाच. सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजात शिकलात तर वर्षभराची बंधपत्रित सेवा, तिला सगळे बॉन्ड म्हणतात. बहुतेकांना नीट पीजीच्या अभ्यासाला साधारण एक वर्ष लागतं. मग एमडी किंवा एमएस, तीन वर्षं. त्यानंतर पुन्हा बॉन्ड, एक वर्ष. बेरीज करा. साडेअकरा. म्हणजे एक तप. हृदय, मेंदू, किडनी अशा शाखेत जायचं असेल तर डीएम किंवा एमसीएच, आणखी तीन वर्षं. एमडी-एमएसऐवजी डीएनबी हाही रस्ता आहे. तो मोठ्या हॉस्पिटलांत राहून करता येतो आणि एमडीच्या बरोबरीचा मानला जातो.

तुमचा इंजिनिअर झालेला मित्र बाविसाव्या वर्षी पगार आणेल, गाडी घेईल, गच्चीवर पार्टी देईल. तुम्ही तिशीला पोचताना नुकते उभे राहत असाल. हे आधी माहीत असलेलं बरं. नंतर कळलं की माणूस कडू होतो.

हॉस्पिटलच्या नोकरीचे रस्ते किती आहेत, तेही घरोघरी माहीत नाही. राज्याच्या आरोग्य विभागात वैद्यकीय अधिकारी: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशी ती शिडी आहे. आपल्या अंबरनाथचं छाया रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, तुमच्यापैकी कितीजणांचे जन्म तिथले असतील! शिकवण्याची आवड असेल तर वैद्यकीय शिक्षण विभागात सहायक प्राध्यापकापासून प्राध्यापकापर्यंत जाता येतं. महापालिकांची हॉस्पिटलं आहेत. यूपीएससीची वैद्यकीय सेवेची वेगळी परीक्षा असते, तिच्यातून रेल्वेत आणि केंद्राच्या इतर सेवांमध्ये जाता येतं. कल्याणचं रेल्वे हॉस्पिटल बघितलं असेल. कामगार विमा योजनेची हॉस्पिटलं आहेत, आपल्या भागात कंपन्यांमध्ये आयुष्य काढलेल्या काकांना ती चांगली माहीत आहेत. सैन्यदलाचं पुण्याचं एएफएमसी आहे. खाजगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत रजिस्ट्रार, मग पूर्णवेळ कन्सल्टंट असा रस्ता आहे. यातली कुठलीही जागा दवाखाना टाकेपर्यंतचा टाइमपास नाही. मुक्काम म्हणून तिथे जाता येतं.

आता डॉक्टर घडतो कुठे, ते सांगते, कारण हे पुस्तकात नाही.

तो वॉर्डात घडतो. इंटर्न म्हणून तुम्ही पहिल्या दिवशी जाता तेव्हा तुम्हाला सलाइन लावता येत नाही. ते सिस्टर शिकवतात. कुठल्या पेशंटचा रंग बदलला, कोण सकाळपासून बोललं नाही, हे वॉर्डातल्या मावशी आणि मामा तुमच्या आधी ओळखतात. जो ज्युनियर डॉक्टर मावशींचं ऐकतो, तो लवकर शिकतो. मग हाउसमन होता, तेव्हा केसपेपर नीट लिहायला शिकता, कारण रात्री दुसरा डॉक्टर त्यावरूनच निर्णय घेणार असतो. मग सीनियर होता आणि खालच्याला सांभाळायला शिकता. तुमच्या वर कुणीतरी असतं, खाली कुणीतरी असतं, शेजारी दुसऱ्या विभागाचं कुणीतरी असतं. शंका आली की रात्री तीन वाजता उठवायला माणूस असतो. हॉस्पिटलची ही फार मोठी श्रीमंती आहे. एकट्याने केबिनमध्ये बसून ती मिळत नाही.

याला पुरावाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक साधी यादी तयार केली. पेशंट कोण, ऑपरेशन कशाचं आणि कुठल्या बाजूचं, अॅलर्जी आहे का, रक्त किती जाण्याची शक्यता आहे, आणि खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असे मुद्दे. जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांमध्ये ती वापरून बघितली. त्यात दिल्लीचं एक होतं. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही. माणसं एकमेकांशी बोलली, इतकंच. आमच्याकडेही ऑपरेशनच्या आधी आम्ही ती यादी मोठ्याने वाचतो. नवीन आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला हसू येतं. महिनाभरात येत नाही.

आता पालकांशी थोडं स्पष्ट बोलते. राग मानू नका.

कमिटीला विचारा, बँकेच्या कर्जासाठी सोसायटीची एनओसी मागायला लोक कशाकशासाठी येतात. त्यात मुलांचं शिक्षण असतं. आपल्यापैकी बहुतेकांची आयुष्यभराची कमाई म्हणजे हा वन-बीएचके. तो गहाण टाकून मुलाला खाजगी कॉलेजात डॉक्टर करायचं, हा निर्णय घेण्याआधी शांतपणे बसून हिशोब करा. वर्षाची फी फक्त धरू नका. तो मुलगा तिशीपर्यंत कर्ज फेडू शकणार नाही, हे धरा. आणि एक गोष्ट मी जवळून बघितली आहे. ज्याच्या डोक्यावर फार मोठं कर्ज असतं, त्याला हॉस्पिटलच्या नोकरीचा पगार पुरत नाही. मग तो आवडत्या कामाऐवजी पैसा लवकर देणाऱ्या कामाकडे ओढला जातो. तुम्ही त्याला डॉक्टर करता, पण कुठला डॉक्टर व्हायचं ते बँक ठरवते.

परदेशात एमबीबीएसला पाठवणारे एजंट आपल्या भागातही फिरतात. जायचंच असेल तर आधी नियम वाचा. तिथला कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिक्षण इंग्रजीतून हवं, आणि परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत पास होणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा निम्म्याहून बरंच कमी असतं. एजंट हे शेवटी सांगतो.

मुलींच्या आईवडिलांसाठी चांगली बातमी आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर ही कागदपत्रं निकाल लागल्यावर गोळा करायला निघू नका, आत्ता काढून ठेवा. दरवर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा.

आणि नीट नाही झाली तर? एकदा पुन्हा देऊन बघा. पण चार-चार वर्षं खोलीत कोंडून घेऊन मुलांचं तारुण्य घालवू नका. हॉस्पिटल फक्त डॉक्टरवर चालत नाही, हे आत्ताच सांगितलं. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑपरेशन थिएटर टेक्निशियन, लॅब, डायलिसिस, ही सगळी मानाची कामं आहेत. माझ्या टेबलावर पेशंटचा श्वास अडकला तर माझ्या शेजारी उभा असलेला टेक्निशियन योग्य नळी योग्य वेळी हातात देतो, म्हणून तो माणूस वाचतो. त्या टेक्निशियनचं लग्न ठरवताना "फक्त टेक्निशियन आहे" असं कुणी म्हटलं, की मला फार राग येतो.

कठीण बाजू पण सांगितली पाहिजे, नाहीतर भाषण जाहिरात होईल.

निवासी डॉक्टरांचे ड्युटीचे तास १९९२ सालच्या केंद्राच्या नियमाप्रमाणे दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ पेक्षा जास्त नसावेत. प्रत्यक्षात चोवीस, छत्तीस तासांच्या ड्युट्या मी केल्या आहेत आणि आजही मुलं करतात. २०२३ च्या नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला २० दिवस रजा लिहिली आहे. लिहिलेलं मिळवण्यासाठी बोलावं लागतं. ते तुमच्या पिढीने बोलावं. झोप न झालेल्या डॉक्टरच्या हातात सुई असणं कुणाच्याच फायद्याचं नाही.

घरचे सण हुकतात. पाच गणपती मी या बिल्डिंगच्या आरतीला आले नव्हते. मुलीची शाळेची गॅदरिंग नवऱ्याने व्हिडिओ करून दाखवली. सासूबाईंनी डबा भरला नसता, तर मी पीजी पूर्ण करू शकले नसते. मुलगी डॉक्टर व्हावी असं वाटत असेल, तर जावई आणि सासर निवडताना एवढं बघा, की तिची नाइट ड्युटी हा त्या घरात भांडणाचा विषय होणार नाही.

आणि मारहाण. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या हॉस्पिटलात ड्युटीवर असलेल्या डॉक्टर मुलीचं काय झालं, ते सगळ्या देशाने पाहिलं. त्या दिवसांत माझ्या आईने मला रोज रात्री अकराला फोन केला. आपल्या राज्यात २०१० पासून कायदा आहे. डॉक्टर, नर्स, हॉस्पिटल यांच्यावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा मारहाण झाल्यावर येतो. ती होऊ नये यासाठी तुम्ही-आम्ही काहीतरी करू शकतो.

म्हणून सोसायटीला चार विनंत्या करते.

एक. घरातल्या प्रत्येक ज्येष्ठ माणसाच्या औषधांची यादी, आधीची ऑपरेशनं, अॅलर्जी आणि रक्तगट एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. रात्री पेशंट येतो आणि नातेवाईक म्हणतात, "एक छोटी पांढरी गोळी असते." पांढऱ्या गोळ्या शेकड्यांनी आहेत हो!

दोन. हॉस्पिटलमध्ये जाताना वीस जण जाऊ नका. दोघं जा, आणि डॉक्टरांशी बोलायला एकच ठरवा. प्रत्येक नातेवाइकाला वेगवेगळं सांगत बसलं, की तेवढा वेळ पेशंटचा जातो.

तीन. वर्षातून एकदा या आवारात रक्तदान शिबिर घ्या. शक्यतो मे महिन्यात, कारण कॉलेजं बंद असतात, लोक गावाला जातात आणि रक्तपेढ्या रिकाम्या होतात.

चार. छाया रुग्णालयात किंवा मध्यवर्ती रुग्णालयात गैरसोय झाली तर व्हॉट्सअॅपवर शिव्या देऊन थांबू नका. तज्ज्ञाची जागा किती दिवस रिकामी आहे, ते लेखी विचारा. नगरसेवकांना विचारा, आमदारांना विचारा. पाणी आलं नाही तर आपण हंडे घेऊन मोर्चा काढतो. भूलतज्ज्ञ नाही म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं मी अजून ऐकलं नाही.

शेवटचं. मी शिकायला निघाले तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेज म्हणजे पहाटेची लोकल पकडून मुंबई, किंवा हॉस्टेल. ठाणे जिल्ह्यात कळव्याला महापालिकेचं कॉलेज होतं, तेवढंच. आता ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात जी १० नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यात अंबरनाथचं एक आहे. १०० जागा आहेत. बुवापाड्यातल्या मुलीला घरचा डबा घेऊन रिक्षाने जाऊन एमबीबीएस करता येईल, ही गोष्ट आपल्या आईवडिलांच्या पिढीला सांगितली असती तर त्यांना खरी वाटली नसती.

पण कॉलेज म्हणजे नुसती मुलं नव्हेत. कॉलेजला हॉस्पिटल लागतं, हॉस्पिटलला प्रत्येक विभागाचे डॉक्टर लागतात, शिकवणारे लागतात, रात्री थांबणारे लागतात. ते कुठून येणार? सगळेच बदली होऊन बाहेरून आले, तर बदली होऊन परतही जातील. इथल्या मातीतली मुलं-मुली तिथे शिकली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच म्हातारी झाली, तर पंधरा-वीस वर्षांनी आपल्या भागातल्या केसपेपरवर रेफर हा शब्द कमी लिहिला जाईल. माझी इच्छा एवढीच आहे. त्यातली एक-दोन मुलं आज इथे, पहिल्या दोन रांगांत बसली असतील, तर फार बरं होईल. त्यांनी जेवताना मला गाठावं. नीटच्या पुस्तकांपासून हॉस्टेलच्या खाण्यापर्यंत काहीही विचारावं. रविवारी संध्याकाळी मी घरी असते, इमर्जन्सी नसेल तर.

सोसायटीने पंचवीस वर्षं भांडत-तंडत का होईना, एकत्र काढली. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी मनापासून शुभेच्छा.

सेक्रेटरीकाका, वीस मिनिटांची पंचवीस झाली. रौप्यमहोत्सव आहे, चालवून घ्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र.